मराठीत विचार, इंग्रजीत लिहिणं: नेमकं कुठे अडतं आणि तिथे काय करायचं

‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टर्डे.’ माझ्याकडे शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत हे वाक्य या ना त्या रूपात सापडतं. लिहिणारा आळशी नसतो, त्याला व्याकरण येत नाही असंही नसतं. तो मराठीत अगदी बरोबर विचार करत असतो. ‘मी काल पुण्याला गेलो होतो.’ गेलो होतो, म्हणून हॅड गॉन. ‘होतो’ म्हणजे ‘हॅड’ हा तक्ता त्याने शाळेत पाठ केलेला असतो. तक्ता खोटा नाही, पण अर्धाच आहे.

मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका ऑफिसात बरीच वर्षं पत्रव्यवहार सांभाळला. आता संध्याकाळी ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे आम्हा जुन्या माणसांच्या डिलाइल रोडला, आमच्या बिल्डिंगच्या ऑफिसात इंग्रजी शिकवते. येणारी सगळी नोकरीधंद्याची माणसं. कुणी नर्स आहे, कुणी बँकेच्या परीक्षेची तयारी करतंय, कुणी लोअर परळच्या ऑफिसात हिशेब बघतं, एक सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. यांचं इंग्रजी दहावीपर्यंत झालेलं असतं. त्यांना पुन्हा ‘ए फॉर ॲपल’पासून बसवणं हा त्यांचा अपमान आहे. मराठी आणि इंग्रजी जिथे एकमेकींपासून फुटतात तेवढ्या जागा दाखवल्या की पुष्कळ काम होतं, आणि त्या जागा मोजक्याच आहेत.

‘होतो’ आणि ‘आहे’

आधी त्या पुण्याचंच बघू. मराठीत ‘गेले होते’ आपण सहज म्हणतो. गोष्ट झाली, संपली, मी परतही आले, एवढं सांगायला ‘होते’ पुरतं. इंग्रजीत या कामाला ‘हॅड’ एकटं चालत नाही. त्याला भूतकाळातली दुसरी एक घटना शेजारी लागते, आणि हॅडवाली घटना त्या दुसरीच्या आधी घडलेली असावी लागते. ‘मी दादरला पोचले तेव्हा गाडी सुटली होती.’ इथे घटना दोन: माझं पोचणं आणि गाडीचं सुटणं. सुटणं आधीचं. म्हणून ‘व्हेन आय रीच्ड दादर, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ इथे हॅड हवंच. पण ‘मी काल पुण्याला गेले होते’ यात दुसरी घटना आहे कुठे? नाही. मग नुसतं ‘आय वेंट टु पुणे यस्टर्डे.’

तेव्हा करायचं असं: वाक्यात हॅड आलं की स्वतःला विचारा, ‘कशाच्या आधी?’ उत्तर त्याच वाक्यात किंवा मागच्या वाक्यात सापडलं तर हॅड राहू द्या. नाही सापडलं तर साधा भूतकाळ लिहा. ‘आय हॅड अ मीटिंग’ यातलं हॅड मात्र वेगळं आहे. ते ‘माझी मीटिंग होती’ या अर्थाचं मुख्य क्रियापद आहे, त्याला ही कसोटी लावू नका.

‘आहे’चंही असंच होतं. ‘मी काल बिल भरलं आहे’ हे मराठीत बिनचूक वाक्य. त्याचं ‘आय हॅव पेड द बिल यस्टर्डे’ केलं की चुकलं. इंग्रजीत हॅवच्या अशा वाक्यात संपलेली वेळ बसत नाही. काल, परवा, गेल्या वर्षी, २०१९ मध्ये, सकाळी नऊ वाजता, यातलं काहीही असलं तर हॅव काढा: ‘आय पेड द बिल यस्टर्डे.’ वेळ सांगायची नसेल तर हॅव ठेवा: ‘आय हॅव पेड द बिल.’

यातलं कोणतं निवडायचं हे समोरच्याच्या प्रश्नावर ठरतं. बिल भरलंय की नाही एवढंच त्याला हवं असेल तर दुसरं, कधी भरलं हे हवं असेल तर पहिलं. बँकेला किंवा वीज कंपनीला तक्रार लिहिताना मी दोन वाक्यं करायला सांगते: ‘आय हॅव पेड द बिल. आय पेड इट ऑन ५ मे.’ पहिल्या वाक्याने मुद्दा कळतो, दुसऱ्याने पुरावा मिळतो.

‘पासून’ची दोन तोंडं

रजेचा ईमेल हा माझ्या वर्गातला सगळ्यात जास्त तपासला जाणारा मजकूर आहे. तो साधारण असा येतो: ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज.’ मराठी वाक्य ‘मला दोन दिवसांपासून ताप आहे.’ त्यात दोन गोष्टी गुंतल्या आहेत आणि दोन्ही सोडवाव्या लागतात.

पहिली गोष्ट ‘पासून’ची. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘दोन दिवसांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत ही दोन वेगळी कामं आहेत. ‘केव्हापासून?’ या प्रश्नाचं उत्तर असेल तर सिन्स: सिन्स मंडे, सिन्स २०१५, सिन्स धिस मॉर्निंग. ‘किती काळ?’ याचं उत्तर असेल तर फॉर: फॉर टू डेज, फॉर टेन इयर्स, फॉर अ लाँग टाइम. सोमवार हा कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येतो, दोन दिवस मोजावे लागतात. जे मोजलं जातं त्याला फॉर.

दुसरी गोष्ट काळाची, आणि ही जास्त निसटते. मराठीत ‘ताप आहे’ हा वर्तमानकाळच. सुरुवात मागे झाली आणि गोष्ट अजून चालू आहे, हे दाखवायला इंग्रजीला हॅव लागतं. ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर टू डेज.’ हॅवच्या पाठोपाठ हॅड पाहून पुष्कळजण दचकतात, पण ते अगदी शुद्ध आहे. तसंच ‘मी १९९८ पासून परळला राहते’ याचं ‘आय हॅव लिव्ह्ड इन परळ सिन्स १९९८’, आणि ‘मी इथे पाच वर्षं काम करतोय’ याचं ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ मुलाखतीत हे शेवटचं वाक्य हमखास लागतं. ते मोठ्याने म्हणून म्हणून जिभेवर बसवा, कारण घाईत ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ हेच तोंडून जातं. आणि त्याआधीचं ‘मायसेल्फ अमुक तमुक’ सोडून द्या. ‘आय ॲम’ आणि पुढे नाव, बस्स.

‘आहे’चा आणखी एक धागा इथेच ओवते. ‘मला दोन भाऊ आहेत’ याचं ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ होत नाही, ‘आय हॅव टू ब्रदर्स’ होतं. असणं, माहीत असणं, आवडणं, समजणं, हवं असणं ही चालू असलेली कामं नाहीत, स्थिती आहेत. त्यांना साधारणपणे ‘-इंग’ लावायचं नाही. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ ऐवजी ‘आय डोन्ट अंडरस्टँड.’

अ की ॲन: देवनागरीत लिहून बघा

हा नियम शाळेत ‘ए, ई, आय, ओ, यू असेल तर ॲन’ असा शिकवतात आणि तिथेच घोळ होतो. नियम अक्षराचा नाही, आवाजाचा आहे. आपल्याकडे आवाज ओळखण्याचं उत्तम साधन आधीपासून आहे, ते म्हणजे आपली लिपी. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ.

एनओसी. सोसायटीच्या पत्रव्यवहारात दर चौथ्या ओळीत येणारा शब्द. इंग्रजीत तो ‘एन’ या अक्षराने सुरू होतो, ‘एन’ हे व्यंजन, म्हणून लोक ‘अ एनओसी’ लिहितात. देवनागरीत लिहा: ए-नओसी. पहिला ‘ए’, स्वर. म्हणून ॲन एनओसी. त्याच न्यायाने ॲन एमएलए, ॲन एफआयआर, ॲन एफडी, ॲन आरटीओ एजंट, ॲन एचआर मॅनेजर, ॲन एक्स-रे. आता उलट बाजू. युनिव्हर्सिटी इंग्रजीत ‘यू’ या स्वराने सुरू होते, पण देवनागरीत पहिलं अक्षर ‘य’. म्हणून अ युनिव्हर्सिटी, अ यूपीआय पेमेंट, अ युनिट. ‘वन’ इंग्रजीत ‘ओ’ने लिहितात, आपण ‘व’ने. म्हणून अ वन-वे रोड. तास म्हणजे आवर, ‘आ’ने सुरू, म्हणून ॲन आवर. होटेलातला ‘ह’ मात्र स्पष्ट ऐकू येतो, म्हणून अ होटेल.

एका शब्दाला ही युक्ती दगा देते. वर्ष या अर्थाचा शब्द आपण ‘इयर’ असा लिहितो आणि बोलतो, पण त्याचा मूळ उच्चार ‘यिअर’च्या जवळचा आहे. म्हणून अ यिअर. कान या अर्थाचा ‘इअर’, तो ॲन इअर.

‘द’ जास्त कठीण वाटतो, पण इथेही मराठी कामाला येते. नामाआधी मनातल्या मनात ‘तो, ती, ते’ घालून बघा. ‘मी फॉर्म भरला. फॉर्म हरवला.’ पहिल्या फॉर्मच्या आधी ‘एक’ बसतं, दुसऱ्याच्या आधी ‘तो’. म्हणून ‘आय फिल्ड इन अ फॉर्म. द फॉर्म गॉट लॉस्ट.’ ऐकणाऱ्याला कोणता ते कळलेलं असेल तर द. गावांच्या आणि उपनगरांच्या नावांना द नाही: दादर, मुलुंड, मुंबई. समुद्र आणि नद्यांना आहे: द अरेबियन सी, द मिठी. द गेटवे ऑफ इंडिया, द वेस्टर्न एक्सप्रेस हायवे, पण मरीन ड्राइव्ह नुसतं. या नावांचं तर्कशास्त्र शोधत बसू नका, कानाने घ्या.

द असण्या-नसण्याने अर्थ कसा फिरतो याचं एक उदाहरण आमच्या वर्गातल्या नर्सताईंमुळे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्यांनी लिहिलं होतं, ‘आय ॲम इन हॉस्पिटल फ्रॉम ८ टु ८.’ आपण जे ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकतो त्यात ‘इन हॉस्पिटल’ म्हणजे दाखल, पेशंट म्हणून. ड्युटीवर असलेल्या नर्सने ‘इन द हॉस्पिटल’ किंवा ‘ॲट द हॉस्पिटल’ म्हणायचं. शाळेचंही तसंच. मूल ‘गोज टु स्कूल’, कारण ते शिकायला जातं. पालक मीटिंगला ‘गो टु द स्कूल’, कारण त्यांच्यासाठी ती एक इमारत आहे. मूळ कामासाठी गेलात तर द नाही, दुसऱ्या कामासाठी गेलात तर द.

वर, ला, शी, मध्ये

इंग्रजी शब्दयोगी शब्दांच्या बहुतेक चुका मराठी प्रत्ययांतून येतात, आणि चूक वाचताना मागचं मराठी वाक्य स्वच्छ दिसतं. ‘ती माझ्यावर रागावली’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’. हवं ‘अँग्री विथ मी’. ‘त्याच्याशी लग्न झालं’ म्हणून ‘मॅरीड विथ हिम’. हवं ‘मॅरीड टु हिम’. ‘मला समजावून सांगा’ म्हणून ‘एक्स्प्लेन मी’. हवं ‘एक्स्प्लेन इट टु मी’. ‘त्याने मला सांगितलं’ यात मात्र उलट होतं. तिथे लोक ‘ही टोल्ड टु मी’ लिहितात आणि हवं असतं नुसतं ‘ही टोल्ड मी’. ‘विषयावर चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’ किंवा ‘डिस्कस ऑन’. डिस्कसला काहीच लागत नाही: ‘वी डिस्कस्ड द बजेट.’

यावर एकच उपाय मला फळलेला दिसतो. क्रियापद एकटं पाठ करू नका. ‘एक्स्प्लेन समथिंग टु समवन’ असा अख्खा तुकडा वहीत लिहा. अर्थासाठी डिक्शनरी उघडलीच आहे तर खाली दिलेलं एक उदाहरणही उतरवून घ्या. अर्थ लक्षात राहतोच, विसरतो तो हा तुकडा.

जागा आणि वेळ यांचं मात्र बऱ्यापैकी गणित आहे. वेळेचा नेमका क्षण ॲट, दिवस किंवा तारीख ऑन, महिना आणि वर्ष इन: ॲट ९.१०, ऑन मंडे, इन जून. जागेचंही तसंच. ज्या परिसरात राहता तो इन, भेटण्याचा नेमका ठिकाणा ॲट: ‘आय लिव्ह इन कुर्ला. मीट मी ॲट कुर्ला स्टेशन.’ प्लॅटफॉर्मवर ऑन. गाड्यांबाबत एक सोपी खूण आहे. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ऑन, ज्यात वाकून शिरून बसावं लागतं त्याला इन. ऑन द बस, ऑन द ट्रेन, ऑन द फेरी, पण इन अ टॅक्सी, इन अ रिक्षा, इन द कार. लोकलच्या डब्यात गर्दीमुळे हलता येत नसलं तरी ऑनच.

‘आज सकाळी’ याचं ‘टुडे मॉर्निंग’ करू नका, ‘धिस मॉर्निंग’ म्हणा. ‘काल रात्री’ म्हणजे ‘लास्ट नाइट’. ‘उद्या सकाळी’ मात्र सरळ ‘टुमॉरो मॉर्निंग’.

एक नोटीस, ओळीने

सेक्रेटरीसाहेबांनी एकदा नोटिशीचा मसुदा वर्गात आणला. आम्ही तो फळ्यावर लिहून काढला, कारण त्यात बहुतेक सगळं एकत्र सापडतं:

‘ऑल मेंबर्स आर इन्फॉर्म्ड दॅट टँक क्लीनिंग इज देअर ऑन टुमॉरो बिट्वीन १० टु ४. सो वॉटर विल नॉट कम. किंडली स्टोअर द वॉटर. डू द नीडफुल.’

‘टँक क्लीनिंग इज देअर’ हे ‘टाकीची सफाई आहे’ या वाक्याचं छायाचित्र. इंग्रजीत टाकीचं काय होणार ते सांगायचं: ‘द टँक विल बी क्लीन्ड.’ टुमॉरोला ऑन लागत नाही. शिवाय नोटीस दोन दिवस बोर्डावर राहिली तर ‘उद्या’ कोणता, हा प्रश्न येतो. नोटिशीत नेहमी वार आणि तारीख द्या. बिट्वीन आलं की मध्ये अँड हवं, टु नाही. टु हवं असेल तर सुरुवात फ्रॉमने करा. फ्रॉम-टु आणि बिट्वीन-अँड या जोड्या मोडू नका. या ठिकाणी फ्रॉम बरं, कारण काम पूर्ण वेळ चालणार आहे. ‘पाणी येणार नाही’ याचं ‘वॉटर विल नॉट कम’ होत नाही. नळाला पाणी ‘येणं’ ही आपली बोलण्याची रीत आहे. इंग्रजीत पुरवठा नसतो: ‘देअर विल बी नो वॉटर सप्लाय.’ ‘स्टोअर द वॉटर’ यात द आल्याने वाचणारा विचारेल, कोणतं पाणी? द काढा. आणि शेवटच्या ‘डू द नीडफुल’ने नेमकं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. जे करायला हवं ते वर सांगून झालंय, म्हणून ती ओळ गाळली. तयार नोटीस अशी:

‘द वॉटर टँक विल बी क्लीन्ड ऑन संडे, १४ जून, फ्रॉम १० ए.एम. टु ४ पी.एम. देअर विल बी नो वॉटर सप्लाय ड्युरिंग धिस टाइम. प्लीज स्टोअर वॉटर इन ॲडव्हान्स.’

पहिल्यापेक्षा ही फार लांब नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंना, ज्यांना मराठी येत नाही, ती एका वाचनात कळते.

जोडीतले शब्द

बॉरो आणि लेंड. आपल्याकडे ‘उसने’ एकच, घ्यायचे किंवा द्यायचे. इंग्रजीत घेणं ते बॉरो, देणं ते लेंड. ‘कॅन आय बॉरो युवर पेन?’ किंवा ‘कॅन यू लेंड मी युवर पेन?’ कर्ता मी की तू, ते पाहा.

लूझ आणि लूस. हरवणं किंवा हरणं याचा शेवट ‘झ’ने, आणि त्यात ‘ओ’ एकच. सैल याचा शेवट ‘स’ने, त्यात ‘ओ’ दोन. मोठ्याने म्हटलं की स्पेलिंग सापडतं. ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझचंही तेच: सल्ला ‘स’ने संपतो, तिथे ‘सी’ लिहा, सल्ला देणं ‘झ’ने संपतं, तिथे ‘एस’ लिहा. आणि सल्ला इंग्रजीत मोजता येत नाही. ‘ॲडव्हाइसेस’ नाही, ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. न मोजता येणाऱ्यांची यादी आपल्या घरातच आहे: फर्निचर, लगेज, इन्फॉर्मेशन, इक्विपमेंट, स्टेशनरी, होमवर्क, न्यूज. यांना शेवटी ‘स’ जोडायचा नाही.

अफेक्ट आणि इफेक्ट यांवर लोक फार अडतात. ‘परिणाम’ हे नाम म्हणजे इफेक्ट. ‘परिणाम करणं’ म्हणजे अफेक्ट. ‘द रेन अफेक्टेड द ट्रेन्स’ किंवा ‘द रेन हॅड ॲन इफेक्ट ऑन द ट्रेन्स’. आधी ॲन किंवा द बसत असेल तर बहुधा इफेक्टच.

इट्स दोन प्रकारचा, एक ॲपॉस्ट्रॉफीचा आणि एक बिनचिन्हाचा. वाक्य ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असं सोडवून वाचा. अर्थ लागला तर चिन्ह द्या. ‘त्याचं’ असा अर्थ असेल तर चिन्ह नको. युवर आणि यू आर यांच्या आखूड रूपांनाही हीच कसोटी.

सी, लुक, वॉच यांत ‘पाहणं’ वाटून गेलं आहे. दिसतं ते सी, नजर वळवून पाहतो ते लुक ॲट, हलणारं काही लक्ष देऊन पाहतो ते वॉच. मॅच वॉच करतात, फोटोकडे लुक ॲट करतात, खिडकीतून समुद्र सी होतो. हिअर आणि लिसन टु यांतही असाच फरक: कानावर पडणं आणि कान देऊन ऐकणं.

आता आपला लाडका ‘च’. ‘मी दादरलाच राहते’ याचं ‘आय लिव्ह इन दादर ओन्ली’ मुंबईत सगळ्यांना कळतं, बाहेरच्याला कळत नाही. त्याला वाटतं, दुसरीकडे घर नाही असं सांगतायत. इंग्रजीत हा ‘च’ बहुतेक वेळा आवाजाच्या जोराने येतो, लिहिण्यात तो सोडून द्यावा लागतो किंवा ‘राइट हिअर’, ‘धिस व्हेरी डे’ असं वेगळं काही घ्यावं लागतं. ओन्ली ‘फक्त’ या अर्थासाठी राखून ठेवा, आणि ज्या शब्दाला फक्त लागू आहे त्याच्या अगदी आधी ठेवा.

आणि फोनवर नक्की लागेल अशी एक गोष्ट. कुणी विचारलं, ‘डोन्ट यू हॅव द फॉर्म?’ आणि तुमच्याकडे फॉर्म नाही. मराठीत आपण ‘हो, नाही ना’ म्हणून जातो. आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत येस आणि नो हे प्रत्यक्ष स्थितीला असतात. फॉर्म असेल तर येस, नसेल तर नो, प्रश्न कसाही विचारलेला असो. नुसत्या ‘येस’ने समोरचा समजेल की फॉर्म आहे. म्हणून अशा प्रश्नाला पूर्ण उत्तर द्यायची सवय लावा: ‘नो, आय डोन्ट हॅव इट.’

वही कशी ठेवायची

पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे तुमचं खरं मराठी वाक्य, जे तुम्हाला त्या दिवशी बोलायचं किंवा लिहायचं होतं. उजवीकडे त्याचं इंग्रजी. पुस्तकातली वाक्यं नकोत, तुमच्याच दिवसातली हवीत. मुंबईला ही मांडणी नवी नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी इथे ‘दर्पण’ सुरू केलं, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापलेला असे. दोन्ही भाषा डोळ्यांसमोर असल्या की कुठे जोड जुळत नाही ते आपोआप दिसतं. ज्या शब्दापाशी अडलात त्याखाली रेघ ओढा. महिन्याभराने रेघा मोजल्या तर कळेल की त्या विखुरलेल्या नाहीत. कुणाच्या सगळ्या ‘पासून’खाली असतात, कुणाच्या ‘होतो’खाली, कुणाच्या द पाशी. पुढचा महिना त्या एकाच गोष्टीला द्या.

कशाला चूक म्हणायचं नाही

‘प्रीपोन’वरून माझ्याकडे भांडणं येतात. कुणाच्या तरी साहेबाने ते खोडलेलं असतं. हा शब्द भारतात रुजला, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीनेही तो भारतीय इंग्रजीतला म्हणून घेतला. इथल्या ऑफिसात खुशाल वापरा. परदेशातल्या माणसाला लिहिताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणा, म्हणजे त्याला डिक्शनरी उघडावी लागणार नाही. ‘आय पास्ड आउट इन २०१८’ याबाबत मात्र जपा. आपण कॉलेज संपलं असं सांगत असतो, बाहेरचा माणूस समजतो की हा बेशुद्ध पडला. तिथे ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१८’ लिहा. ‘रिव्हर्ट बॅक’ कुठेही नको, ‘रिप्लाय’ आहे ना.

पत्राच्या शेवटाचा एक जुना नियम अजून पाळला जातो आणि तो पाळलेला दिसतो. सुरुवातीला ‘डिअर सर’ किंवा ‘डिअर मॅडम’ असेल, म्हणजे नाव नसेल, तर शेवटी ‘युवर्स फेथफुली’. सुरुवातीला आडनाव घेतलं असेल तर ‘युवर्स सिन्सिअरली’. ईमेलला एवढं नको, ‘रिगार्ड्स’ पुरतं. युवर्समध्ये ॲपॉस्ट्रॉफी कधीच येत नाही, आणि दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर लहान लिहायचं असतं.